पर्जन्य, दुष्काळ आणि ‘नैसर्गिक बदला’चा युक्तिवाद : नंदुरबार परिसराच्या संदर्भात

पृथ्वीचे हवामान नेहमीच बदलत आले आहे, हिमनद्या पूर्वीही पुढे सरकल्या आणि मागे हटल्या. म्हणून आजच्या तापमानवाढीस मानवास जबाबदार धरता येत नाही, असा युक्तिवाद गेली काही दशके केला जात आहे. त्याचा पूर्वार्ध इतिहासाला मान्य आहे. उत्तरार्ध त्यातून निष्पन्न होतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या खानदेशच्या पश्चिम भागाच्या, अनुषंगाने केला आहे. (हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.)

इ. स. १६३० च्या नोव्हेंबर महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून आग्र्यास निघाला. व्यारा, नवापूर, नंदुरबार या मार्गाने तो बुऱ्हाणपुरास पोहोचला. वाटेवर, विशेषतः गावांच्या वेशींजवळ, पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. पुढच्या वर्षी अतिवृष्टीने पिके बुडाली. त्या काळी ना कोळशावर चालणारे कारखाने होते, ना रेल्वे. युरोपातील हिमनद्या पुढे सरकत असल्याचा, ‘लघु हिमयुग’ म्हणून ओळखला जाणारा कालखंडही हाच. येथपर्यंत संशयवाद्यांचे म्हणणे निर्विवाद आहे.

परंतु याच सुमारास शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. माळव्यात धान्य होते. ते लष्कराच्या छावणीकडे ओढले जात होते. बादशहाने लंगर उघडले आणि साऱ्यात सूट दिली, असे अब्दुल हमीद लाहोरीचा बादशाहनामा सांगतो. बुऱ्हाणपुरातील लंगराचा नंदुरबारच्या वाटेवर कोसळलेल्या माणसाला कितपत उपयोग झाला असेल, हे सांगावयास नको. पाऊस निसर्गाने रोखला, पण धान्य कोणत्या दिशेने जावे हे माणसांनी ठरविले.

असाच अनुभव १८९९-१९०० च्या, विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हटल्या जाणाऱ्या दुष्काळात आला. १८९९ चे अवर्षण प्रशांत महासागरातील एल निनोशी संबंधित होते, असे आजचे अभ्यासक मानतात. म्हणजे कारण नैसर्गिकच. तथापि मॅकडॉनेल यांच्या अध्यक्षतेखालील १९०१ च्या दुष्काळ आयोगाने मुंबई इलाख्यातील सारावसुलीच्या कडकपणावर बोट ठेवले.

लागोपाठच्या अवर्षणांमुळे हिंदुस्थानचे हवामानच कायमचे बदलले की काय, अशी शंका तेव्हा घेतली जाऊ लागली. जंगलतोडीकडेही बोट दाखविले जात होते. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासून १९१० मध्ये निष्कर्ष काढला, की असा कायमस्वरूपी बदल सिद्ध होत नाही. आजच्या परिभाषेत वॉकर हे संशयवादी ठरतील. मात्र त्यांचा संशय आकडेवारीतून आलेला होता आणि त्या काळापुरता होता. तेव्हा वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३०० होते. आज ते ४२० च्या वर आहे. वॉकर यांचा १९१० चा निष्कर्ष आजच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करणे म्हणजे त्यांच्या पद्धतीकडेच पाठ फिरविणे होय.

हिमनद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. नर्मदा अमरकंटकला उगम पावते, तापी मुलताईला. दोन्ही नद्या पावसावर वाहतात. त्यामुळे हिमालयातील बर्फाचा वाद सातपुड्याच्या पायथ्याशी परका वाटणे स्वाभाविक आहे. पण हिमालयातील हिमवर्षाव आणि मोसमी पाऊस यांचा संबंध हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच मांडला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या अहवालाने हिमनद्यांच्या माघारीचा तापमानवाढीशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही असे म्हटले. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये आंतरसरकारी हवामान मंडळाने, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील हे आपले विधान निराधार असल्याचे मान्य केले. संशयवाद्यांचा हा विजय अल्पजीवी ठरला. उपग्रहचित्रांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार २००० नंतर हिमालयातील बर्फ वितळण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या सुमारे दुप्पट झाला आहे. २०२१ च्या अहवालात त्याच मंडळाने १८५०-१९०० च्या तुलनेत झालेल्या सुमारे १.१ अंश सेल्सिअस वाढीत सूर्य व ज्वालामुखी या नैसर्गिक घटकांचा वाटा जवळजवळ शून्य असल्याचे नोंदविले.

अर्थात शहादा किंवा तळोदा तालुक्यातील एखाद्या वर्षीचे अवर्षण थेट तापमानवाढीच्या खात्यावर टाकणे, हेही वॉकर यांच्या कसोटीस उतरणारे नाही. त्यासाठी दीर्घकालीन पर्जन्यनोंदी लागतात. आणि त्या वर्षी कोण उपाशी राहिले, हे समजण्यासाठी त्या नोंदींशेजारी सारावसुलीचे व धान्याच्या भावांचे दप्तर उघडावे लागते.