ओलं सरपण आणि कोलेस्टेरॉलचा आकडा

हृदय थकल्यामुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांच्या घरी हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो चांगली शिकलेली माणसं करतात. रुग्णालयाच्या नोंदीत 'कोलेस्टेरॉल जास्त' असा शेरा असलेले रुग्ण सुखरूप घरी जातात, कमी असलेले दगावतात. तेव्हा कोलेस्टेरॉल तारणहारच, मग ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी हवी कशाला? या मतामागे आकडे आहेत. हृदयाची ताकद फार खालावलेल्या 1134 रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी कोलेस्टेरॉलवाल्यांचेच मृत्यू अधिक होते. त्याआधी 2000 साली राउखहाउस आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक उपपत्तीही मांडली होती: सुजलेल्या आतड्यातून जिवाणूंचं विष रक्तात झिरपतं आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे लिपोप्रोटीनचे कण त्याला बांधून ठेवतात. पूर्वपक्ष इतका भक्कम आहे.

पण तो मुळातच कार्याला कारण समजतो. घरातलं जायफळ सुरीने दुभंगून पाहा. फिकट गरात काळपट तांबड्या रेषांची नक्षी दिसते. हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त पुढे ढकलणं झेपेनासं झालं की ते मागे, यकृताच्या शिरांत तुंबतं, आणि अशा यकृताचा छेद हुबेहूब तसाच दिसतो. विकृतिशास्त्रात त्याला जायफळी यकृतच म्हणतात. काळपट भाग रक्ताने तुंबलेला, प्राणवायूला मुकलेला. शरीरातलं पुष्कळसं कोलेस्टेरॉल याच अवयवात तयार होतं. अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटकही इथलेच. कारखान्यातच पाणी शिरल्यावर माल कमी निघणारच. त्यात आतडंही सुजलेलं, दोन घास खाल्ले की पोट गच्च. म्हणजे आकडा आधी घसरला आणि त्यामुळे माणूस खचला असं नाही. माणूस खचत होता म्हणून आकडा घसरला.

दुसरी गोष्ट त्या 'नोंदी'ची. रुग्णालयांच्या मोठ्या नोंदसंग्रहांत बहुधा रक्ताचा आकडा नसतो, असतो तो डिस्चार्जच्या कागदावरचा एक शेरा. रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, मूत्रपिंडं बंद पडत आहेत, अशा वेळी जुन्या कोलेस्टेरॉलची ओळ लिहायला कोणाला सुचेल? हलक्या आजारात मात्र ती आवर्जून लिहिली जाते. जुन्या आजारांच्या शेऱ्यांमुळे मृत्यू 'कमी' झाल्यासारखा भास होतो, हे संशोधक लिसा आयझोनी यांनी 1992 सालीच दाखवलं होतं. शिवाय असा शेरा ज्याच्या नावावर आहे, तो बहुधा वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जाणारा आणि कित्येकदा स्टॅटिनच घेणारा असतो!

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हा पेच फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणू नका, ते सांगतात. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. 'जिथे कोलेस्टेरॉल कमी तिथे मृत्यू' या व्याप्तीतलं, म्हणजे नियमातलं, ओलं सरपण म्हणजे थकलेलं यकृत आणि उपाशी शरीर. ते वगळून नुसतं कोलेस्टेरॉल उतरवलं तर काय होतं?

हा लोखंडी गोळा आपल्यापुढे आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या कोरोना चाचणीत (त्या नावाच्या साथीशी तिचा संबंध नाही) हृदय निकामी होत चाललेले, साठीपुढचे 5011 रुग्ण होते. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली नकली गोळी. औषधवाल्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, सरासरी 137 वरून 76 वर आलं. मृत्यू किती? औषध घेणाऱ्यांत 728, न घेणाऱ्यांत 759. कोलेस्टेरॉल खरोखर रक्षक असतं, तर ते एवढं उतरवल्यावर मृत्यूंची रांग लागायला हवी होती. पुढच्याच वर्षी इटलीत अशाच रुग्णांवर झालेल्या स्टॅटिनच्या चाचणीतही ती लागली नाही.

प्रतिपक्ष इथे दोन रास्त आक्षेप घेईल. या चाचण्यांत स्टॅटिनने ठळक जीवही वाचवले नाहीत. खरं आहे, म्हणून केवळ हृदय अशक्त आहे एवढ्यावर ही गोळी नव्याने सुरू करावी असं मी म्हणणार नाही. आणि यकृताचा आजार असलेल्यांना कोरोना चाचणीत घेतलंच नव्हतं. तेही खरं, आणि सिरॉसिस बळावलेला असेल तर गोळीचा निर्णय वेगळ्याच सावधगिरीने घ्यावा लागतो. पण रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाने 'जास्त कोलेस्टेरॉल बरं' असं ऐकून गोळी परस्पर बंद करणं, याला यातला एकही आक्षेप आधार देत नाही.

याच चुकीची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. गोळी तीच, जेवण निम्म्यावर, आणि कोलेस्टेरॉल 190 वरून 110 वर आलेलं. अशा वेळी रुग्णाचा मुलगा रिपोर्ट पुढे करून आनंदाने म्हणतो, "बघा डॉक्टर, बाबांचं कोलेस्टेरॉल किती छान उतरलं!" त्याच कागदावर दोन ओळी खाली अल्ब्युमिन घसरलेलं असतं, बिलिरुबिन चढलेलं असतं. वजनकाटाही फसवतो, कारण मांस झडतं तेवढं पाणी भरतं. बाबा समोर बसलेले असतात. सुजलेल्या पायांत चप्पल शिरत नाही म्हणून ते अनवाणी आलेले, आणि मनगटावरचं घड्याळ पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही गरगर फिरतंय.