ओंगारचं पेन, वर्ध्याचं पत्र

डब्लिनच्या पश्चिम कडेला ओंगार वसलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. त्याआधी इथे घोड्यांची पैदास करणारा स्टड फार्म होता. आता एकसारख्या घरांच्या रांगा, हॅन्सफील्डचं स्टेशन, आणि नोकरीनिमित्त आलेली बरीच भारतीय कुटुंबं. घरामागे छोटी शेड असली की पावसाळी शनिवार-रविवारी माणूस काहीतरी हातानं करायला बघतो. लेथवर पेन कातायला शिकणं हा त्यातला उत्तम छंद. टेबलावर मावेल एवढा लेथ पुरतो, लाकूड वीतभरही लागत नाही आणि एका दुपारी लिहिण्याजोगी वस्तू हातात येते.

आयर्लंडमध्ये अशा पेनासाठी लाडकं लाकूड म्हणजे बॉग ओक. हजारो वर्षांपूर्वी पीटच्या दलदलीत आडवे झालेले ओकचे वृक्ष, हवा न लागल्यामुळे कुजले नाहीत. ओकमधलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह यांचा संयोग होऊन लाकूड आतपर्यंत काळं पडत गेलं. मध्ययुगातली इथली शाईही याच रसायनावर उभी होती: ओकवरच्या गाठींचं टॅनिन आणि लोहाचा क्षार. म्हणजे बॉग ओकचं पेन हे शाईच्याच रंगाचं लाकूड आहे. व्हिक्टोरियन काळात त्याचे दागिने बनत. पेनं फार अलीकडची.

शिकणारा सुरुवात करतो ती किटपासून. लाकडाच्या चौकोनी कांडीचे दोन तुकडे करायचे, मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, तोंडं काटकोनात सपाट करायची आणि दोन्ही तुकडे दांड्यावर चढवून लेथ सुरू करायचा. पहिला मिनिटभर कोपरे खटखटतात, मग लाकूड गोल होतं आणि आवाज एकसारखा होतो. पटाशीची धार चांगली असेल तर कीस लांब निघतो. बोथट असेल तर नुसता भुगा. दोन्ही बाजूंच्या धातूच्या बुशशी लाकूड समपातळीत आलं की थांबायचं. मग पॉलिश पेपर, मग चकाकी. शेवटी टोक, क्लिप आणि रिफिल दाबून बसवायची. ही किटं बहुतांशी तैवान-चीनची, आणि रिफिलचं कूळ लास्लो बिरोच्या १९३८ सालच्या बॉलपेन पेटंटपर्यंत जातं.

इथेच वंशावळीत एक मेख दिसते. किटच्या पेनात कातलेलं असतं ते वरचं आवरण. लिहिण्याचं सगळं काम आतला तयार माल करतो. लाकूड वयानं सर्वांत जुनं, पण पेनाशी त्याचं नातं सर्वांत नवं.

छंद म्हणून लेथ चालवणं मात्र जुनं आहे. लेथकामावरचं पहिलं मोठं पुस्तक शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरूनं १७०१ साली लिओंमध्ये छापलं. रशियाचा झार पीटर स्वतः लेथवर बसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये होल्ट्झापफेलचं दुकान निघालं आणि हौशी श्रीमंतांसाठी नक्षीचे लेथ विकू लागलं. त्यांच्या शेजारी पोटासाठी कातणारे होतेच. डब्लिनमध्ये वुड की आणि फिशॅम्बल स्ट्रीटला व्हायकिंग नगर उकरलं तेव्हा कातलेली लाकडी भांडी निघाली. आपल्याकडे कातारी पिढ्यान्‌पिढ्या पाळण्याचे खूर, लाटणी, भातुकली कातत आले. सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी ही त्याच घराण्यातली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानं ती वितळते आणि रंग चढतो. ओंगारच्या शेडमध्ये पेनावर फडक्यानं लावतात ते फ्रिक्शन पॉलिश म्हणजे मुख्यत्वे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच.

लिहिण्याच्या साधनाचं घराणं वेगळं. १९१४ साली आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातल्या स्प्रिंगमाउंट बॉगमध्ये यू लाकडाच्या सहा पाट्या सापडल्या. त्यात मेण भरलेलं होतं आणि मेणावर टोचणीनं स्तोत्रं लिहिलेली होती. काळ सुमारे इसवी ६००. पुढे पिसाची लेखणी आली. आपल्याकडे बोरू, मग टाक. शाईपेन आणि लेथ यांची गाठ पडली ती एबोनाइटमुळे. गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचं पेटंट नेल्सन गुडइयरला १८५१ साली मिळालं. शाईच्या आम्लानं हे रबर खराब होत नव्हतं आणि लेथवर धातूइतक्या नेमकेपणानं कातता येत होतं. १८८४ साली वॉटरमननं शाईचा प्रवाह आवरणाऱ्या जिभेचं पेटंट घेतलं, आणि शाईपेन म्हणजे एबोनाइटची कातलेली नळी असं समीकरण झालं. १९२० च्या दशकात सेल्युलॉइड आलं, नंतर साच्यातलं प्लॅस्टिक. पाश्चात्त्य कारखान्यांतून एबोनाइटचं पेन जवळपास गेलं.

भारतात ते टिकलं, आणि या टिकण्यात वर्ध्याचा वाटा आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेन हाती घेतलं. गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याला मगनवाडीत मांडला होता, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. रत्नमांचं पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. त्यांनी ते वापरून पाहिलं आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र पाठवून, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असं कळवलं. मला या पत्रातली ‘वापरून पाहिलं’ ही बाब सर्वांत मोलाची वाटते. स्वदेशी म्हणून पसंती दिलेली नाही. लिहून पाहिल्यावर दिलेली आहे. त्याच दशकात मुंबईत दांडेकरांची कॅम्लिन शाई बनवू लागली होती. पेन आणि शाई, दोन्ही घरची झाली.

रत्नमांसारख्या कारागिरांच्या हातात किट नव्हतं. एबोनाइटची सळई घ्यायची, आत पोकळ करायची, टोपण आणि नळी यांचे आटे पाडायचे, पकड कातायची. कातताना गंधकाचा उग्र वास सुटतो आणि काळा कीस रिबिनीसारखा हातावर येऊन पडतो. आटे सैल पडले तर टोपण खुळखुळतं, घट्ट पडले तर सळई चिरते. इथे लपवायला पितळी नळी नाही. हौशी कातणाऱ्यांची पुढची पायरी आता हीच झाली आहे: किटशिवाय पेन. निब आणि तिच्याखालची जीभ बहुधा जर्मनीची, बाकी सगळं आपल्या हातचं. पुण्यातही फॉस्फरसारखे हातानं पेन बनवणारे याच वाटेनं गेले आहेत. छंद फिरून कारागिराच्या पद्धतीला येऊन मिळाला, ही मला या साऱ्या वंशावळीतली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

ओंगारमध्ये शिकायचं असेल तर आधी आयरिश वुडटर्नर्स गिल्डच्या डब्लिन शाखेत किंवा जवळच्या मेन्स शेडमध्ये जा. निवृत्त मंडळी लेथ शिकवतात आणि धार लावायला तर आवर्जून शिकवतात. धुळीचा मास्क आणि चष्मा पहिल्या दिवसापासून लावा. पहिली दोन-चार पेनं बॉग ओकची करा. मग सुट्टीला घरी जाल तेव्हा येताना एबोनाइटची एक सळई घेऊन या.