उपाहारगृह : शेजारी कोण बसलंय?

मंडळी, विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं हॉटेलात काय काम? तर कांट कित्येक वर्षं बाहेरच जेवत असे. त्याच्या घरी स्वयंपाक सुरू झाला तेव्हा त्याने साठी ओलांडलेली होती. एकट्याने जेवणं तत्त्वज्ञाला अपायकारक, असं त्याचं मत. जेवायला तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत. हा झाला निवडलेल्या मित्रांचा हिशोब. आम्हाला आज बोलायचंय ते न निवडलेल्या शेजाऱ्याबद्दल. गल्लीतल्या त्या छानशा रेस्टॉरंटात, मंद दिव्याखाली, हातभर अंतरावर जो अनोळखी माणूस जेवत असतो, त्याच्याबद्दल.

'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जागेचा नव्हेच. अंगात ताकद आणणाऱ्या मांसाच्या कढणाला फ्रेंच लोक तसं म्हणत. असं कढण विकणारी दुकानं पॅरिसमध्ये 1760 च्या दशकात निघाली, म्हणजे राज्यक्रांतीच्या वीसेक वर्षं आधी. त्यापूर्वी खाणावळीत ठरल्या वेळी जायचं, एका लांब टेबलाशी बसायचं आणि समोर येईल ते खायचं. नव्या दुकानांत स्वतंत्र छोटं टेबल मिळू लागलं, आपल्या सोयीची वेळ मिळाली, आणि पदार्थांची यादी किमतीसह हातात आली. आरसे, झुंबरं मागाहून. खरी नवलाई ही की शेजार होता, पण त्यातून नातं लागत नव्हतं.

आपल्याकडे ही गोष्ट किती अवघड होती बघा. आपली पंगत म्हणजे माणूस कोण आहे हे जाहीर करण्याची जागा. कोणी कुठे बसायचं, कोणाला आधी वाढायचं, हे जन्माने ठरलेलं. 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्दच आपण करून ठेवला आहे! पान उचललं की त्या जागी शेणगोळा फिरवायचा, म्हणजे मागच्याचं उष्टं पुढच्याला लागायला नको.

1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर श्रोत्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी, हे आनंदीबाईंचे यजमान, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीसाठी मंडळ नेमलं गेलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं, आणि त्यांचेच सुधारक मित्र नाराज झाले. एवढं सगळं एका कपापायी! आज हसू येतं, पण घराघरांत लग्नकार्यं, श्राद्धपक्ष अडले होते, हे विसरून चालणार नाही.

आणि हा तर वरच्या जातींचा त्रास. ज्याच्या हातचा चहाच कोणी घेणार नाही, त्याने काय करायचं? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं, ते शाहू महाराजांच्या पाठबळावर. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. आमच्या मते सहभोजनावरच्या शंभर भाषणांपेक्षा तो एक कप मोठा. गिऱ्हाईक म्हणून आत जाणं ही अर्धी गोष्ट, मालक म्हणून गल्ल्यावर बसणं ही पुरी.

मुंबईत हे काम इराण्यांनी केलं, तेही सुधारणेचा आव न आणता. यझ्द, केरमानकडून आलेली ही माणसं, बरीचशी जरथुश्त्री, काही मुसलमान. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत म्हणून यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. कयानी 1904 चं, ब्रिटानिया 1923 चं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बनमस्का, आणि संगमरवरी टेबल. आमचं लक्ष त्या टेबलावर आहे. पोऱ्या ओलं फडकं एकदा फिरवतो, संपलं. जिथे शेणगोळा आणि मंत्र लागत होते तिथे फडकं पुरलं. आधी इथे कोण बसलं होतं, हे विचारायची सोयच उरली नाही. गिरणीकामगार, कारकून, कवी एकाच टेबलाशी. फॅमिली रूमचा पडदा मात्र होता. बाईमाणसाने उघड्यावर बसून चहा प्यायला अजून वेळ होता.

कायदा यानंतर आला. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेल कशाला, असं वाटेल. पण ज्यांनी तो लिहिला त्यांना पंचहौदाचा कप ठाऊक होता, आणि गावच्या चहावाल्याकडे बाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशीही. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांच्या वापरापर्यंत तरतूद केली आहे.

आता आपल्या गल्लीतलं ते देखणं रेस्टॉरंट. जुना बंगला, कडाप्प्याची फरशी, आजीच्या माजघरातली पितळी भांडी शोभेला. टेबल पुसलेलं आहे, जात कोणी विचारत नाही. ही लहान गोष्ट नव्हे, आमच्या आजोबांना ती स्वप्नातही दिसली नसती. पण इराण्याकडे एका चहावर तासभर बसता येत होतं. इथे यादीतल्या उजवीकडच्या आकड्यांनीच गिऱ्हाईक निवडलं जातं, आणि मग शेजारी बसलेला 'अनोळखी' माणूस आपल्याच पगाराचा, आपल्याच शाळेतला निघतो. अलीकडे काही ठिकाणी ते जुनं लांब सामाईक टेबलही पुन्हा ठेवतात, फॅशन म्हणून. लोक मध्ये एकेक खुर्ची सोडून बसतात.

आणि दाराबाहेर, पायरीच्या खाली, पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पोरं उभी असतात. याच स्वयंपाकघरातलं जेवण त्यांच्या हातून आपल्या घरी येतं. संविधानाच्या पंधराव्या कलमाप्रमाणे त्यांना आत बसायची पूर्ण मुभा आहे.