चादर 'दुहेरी' आहे म्हणजे नेमकं काय?

सोलापुरात नव्या पेठेत चादर घ्यायला गेलात, तर एकदा ती उलटून बघा. एका बाजूला पांढऱ्यावर लाल फूल असेल, तर दुसऱ्या बाजूला लालवर पांढरं. मग सुलट कुठली आणि उलट कुठली?

अशा दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या कापडाला विशेषण कोणतं लावायचं? 'दुतर्फा' रस्त्याकडेच्या झाडांना शोभतं. 'दुतोंडी' आणि 'दुटप्पी' माणसांसाठी राखीव, आणि तेही कौतुकाने नाही! उरतं 'दुहेरी'. पण इथेच माझ्यासारखा इतिहासाचा विद्यार्थी फसतो. दुहेरी दोरा म्हणजे दोन पदर. दुहेरी वाहतूक म्हणजे दोन दिशा. आणि आज दुकानात 'डबल' म्हटलं की पलंगाचं माप. जुन्या कागदात नुसतं 'दुहेरी' दिसलं, तर आपण यातलं काय वाचायचं?

मी सुरुवातीला सरळ 'मोठ्या मापाची' असं वाचत होतो. मग माग बघितला. जेकार्डवर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं कुठला उभा धागा उचलायचा ते ठरवतात. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४च्या सुमारास पुढे आणलेली ही युक्ती. एक रंग वर आला की दुसरा खाली जातो, म्हणून नक्षी दोन्हीकडे उमटते. नुसत्या छापील चादरीत असं होत नाही. तिची मागची बाजू फिकी पडते.

हा फरक शब्दापुरता नाही. 'दुहेरी' म्हणजे माप असं धरलं, तर जास्तीची किंमत जास्तीच्या सुताची ठरते. वीण असं धरलं, तर त्या किमतीत नक्षी आखणाऱ्याचे, कार्डं पाडणाऱ्याचे आणि विणकराचे कष्टही मोजावे लागतात. १८७७मध्ये उभी राहिलेली 'जुनी गिरणी' सोलापूरच्या इतिहासात हमखास भेटते. तेलंगणातून येऊन इथे माग चालवणारी पद्मशाली घरं त्यामानाने कमी भेटतात. एक विशेषण चुकीचं वाचलं, की ती आणखी मागे सरकतात.

म्हणून आता माझा साधा नियम आहे: 'दुहेरी' दिसलं की आधी विचारायचं, दुहेरी काय? पदर, माप की बाजू? शेजारी लांबी-रुंदी, वजन किंवा रंग लिहिलेत का ते बघायचं. काहीच नसेल, तर अर्थ मोकळा ठेवायचा.

तुमच्या घरी जुनी सोलापुरी चादर असेलच. आज रात्री ती उलटी पांघरून बघा.