आळंदीच्या डाळिंबाची फांदी

डाळिंबाचं बी कुंडीत टाकलं की रोप येतं. पण त्याला तसंच फळ लागेल, याची खात्री नाही. बी म्हणजे लेकरू. कुणावर जाईल सांगता येत नाही. फांदी लावली तर मात्र तेच जुनं झाड दुसऱ्या मातीत पुन्हा उभं राहतं. याला आपण कलम म्हणतो. मूळ शब्द अरबी, अर्थ लेखणी. फारसीतून तो मराठीत आला.

महाराष्ट्रातल्या डाळिंबाचा इतिहास बी आणि फांदी या दोन्हींचा आहे. आळंदीच्या जुन्या डाळिंबाचं बी टणक असायचं. 1936 मध्ये पुण्यात गणेशखिंडच्या संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी या आळंदी जातीच्या रोपांतून मऊ बियांचं एक झाड निवडलं. 1970 मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव मिळालं. झाड सापडलं बियांच्या रोपांत, पण सोलापूर, नाशिककडच्या बागांत पोचलं ते छाट कलम आणि गुटी कलमांतून. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘गणेश’च्याच संकरातून ‘भगवा’ ही जात काढली. आज परदेशी दुकानांत दिसणारं भारतीय डाळिंब बहुतेक वेळा हेच असतं.

पण कलमातून फक्त गोडी जात नाही. 2000 नंतर महाराष्ट्रात ‘तेल्या’ हा जीवाणूजन्य रोग पसरला. पानांवर, फळांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं. पाऊस-वाऱ्याने तो बागेत पसरला, पण नव्या गावांत तो मुख्यतः रोगट कलमांतूनच गेला. एकाच झाडाच्या प्रती असलेल्या बागा एकाच रोगाला बळी पडल्या. कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या.

म्हणून सुट्टीहून परतताना आजोळची फांदी बॅगेत घालू नका, कितीही मोह झाला तरी. यूएईत रोपं आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि त्यामागे असाच अनुभव आहे.

मोहम्मद बिन झायद सिटीत राहत असाल तर फांदी इथलीच घ्या. डाळिंब ऊन आणि थोडं खारं पाणी सोसतं. ओळखीच्या व्हिलातलं निरोगी ‘रुम्मान’ शोधा. अरबीत डाळिंबाला हेच म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, पक्व काडी डोळ्याच्या खाली कापा. वरची बाजू वरच ठेवून दोन तृतीयांश भाग वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. सावलीत ठेवा, ओल टिकवा, पाणी साचू देऊ नका. दोनेक महिन्यांत मुळं धरतात. पानं फुटली म्हणून लगेच उपटून बघू नका. पानं आधी येतात, मुळं नंतर. आणि त्या झाडाच्या मालकाला त्याचं झाड कुठून आलं, तेही विचारा. कलमाचा इतिहास बहुतेक वेळा असाच, तोंडी टिकतो.