तळटीप ७ : ‘पंचाहत्तरची बॅच’ आणि ‘पुणे शाखा’

७. लेखक वाकोल्याचे, शाळा मात्र विलेपार्ल्याची. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेलं पार्ले टिळक विद्यालय ते हेच, पु. ल. देशपांडेही इथलेच. ‘आमची पंचाहत्तरची बॅच’ म्हणताना त्यातली कोणती, हे लेखक सांगत नाहीत. १९७५ साली एस.एस.सी.ला दोन बॅचेस बसल्या : जुनी अकरावी आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माजी विद्यार्थी संघाची यादी या सालापाशी अडखळते. नावापुढे कंसात ‘जुनी’ किंवा ‘नवी’ लिहावं लागतं. दुसरी पंचाईत मुलींची. शाळेच्या जनरल रजिस्टरात माहेरचं नाव, आणि राहायला सासरच्या गावी, सासरच्या आडनावानं. त्यांचा पत्ता शेवटी मैत्रिणींकडूनच लागतो.

‘शाखा’ हा शब्दही लेखक जरा सैल वापरतात (गैरसमज नको, इथे सकाळची कवायत अभिप्रेत नाही). संघ रीतसर नोंदवायचा तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आलीच. परगावच्या शाखेपाशी बहुधा यातलं काहीच नसतं : पाच-सहा वर्गमित्र, नाव-पत्त्यांची एक वही आणि कोजागरीला कुणाची तरी गच्ची. पुढच्या पानावरचा वर्गणीचा वाद त्यातलाच. जमलेले पैसे मुंबईला पाठवायचे की मसाला दुधाला ठेवायचे, एवढाच.