पालशेतचा मोडलेला पाय

१९५३ सालचा मे महिना. गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीनं दोनेकशे मैल दूर पुण्याला आणलं. तिथं पुरती भूल न देता पाय जोरानं ओढून हाड बसवलं. त्या धक्क्यानं पोरगा गेला, असं पुढं कोर्टात ठरलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण मात्र भलतंच होतं.

वडील स्वतः डॉक्टर, म्हणून त्यांना तो कागद वाचता आला. आपल्यासारख्याला आला असता का? त्यांनी दिवाणी दावा लावला. तीन हजारांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं कायम केली ती १९६८ साली, पंधरा वर्षांनी! रोगी हाती घ्यावा का, उपचार कोणता आणि तो कसा करावा, या तिन्हींत डॉक्टरनं वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असं निकालात आहे. नुसता गुण आला नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही.

पैसे घेऊन केलेले उपचार १९९५ पासून ग्राहक कायद्यात आले. सरसकट सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या दवाखान्यासाठी अजूनही दिवाणी कोर्टच. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. केसपेपर मागितल्यावर डॉक्टरनं ७२ तासांत द्यावेत, असा २००२ सालचा नियम आहे. तो अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी.